ताराबाई मोडक आणि शिकण्याचा शोध

शिक्षणाचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे लिहिले जाते, तो बहुधा शाळांचा इतिहास असतो. कोणत्या साली कोणती शाळा निघाली, कोणी देणगी दिली, कोणता कायदा झाला, याची नोंद आपण काळजीपूर्वक ठेवतो. परंतु शाळा निघणे ही एक गोष्ट आणि शाळेत बसलेल्या मुलाने शिकणे ही दुसरी गोष्ट. पहिलीचा इतिहास इमारतींवरून आणि अहवालांवरून लिहिता येतो. दुसरीचा इतिहास लिहावयाचा तर ज्यांनी मुलाच्या शेजारी बसून, ते काय करते आहे हे वर्षानुवर्षे पाहिले, अशा माणसांकडे जावे लागते. अशी माणसे थोडी. त्यांपैकी ताराबाई मोडक या एका अभ्यासक स्त्रीच्या कार्याचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, त्या वेळचा प्रश्न होता शाळेच्या दाराचा. ते कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली केंद्रीय कायदेमंडळात त्याच अर्थाचा ठराव मांडला, १९११ साली विधेयक आणले, आणि १९१२ साली ते फेटाळले गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ही सारी दार उघडण्याची लढाई होती. ती आधी लढली गेली नसती, तर पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकारच कोणाला पोहोचला नसता. पण दार उघडल्यावर आत गेलेल्या मुलाचे काय होते? ते गप्प का बसते, विसरते का, रडते का, आणि एखादे दिवशी कोणी न शिकवता एकाएकी उमजते ते कसे? या दुसऱ्या प्रश्नासाठी ताराबाईंनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे वातावरण त्यांना घरातूनच मिळाले, आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री म्हणजे बोटावर मोजण्याजोगी. विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही आणि पुढे घटस्फोट झाला. विभक्त झालेल्या स्त्रीला समाजात कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे सांगावयास नको. ताराबाईंनी मात्र स्वतःची वाट नोकरीत शोधली. त्या राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. पदवी, पद, वेतन आणि मान या चारही गोष्टी हाती होत्या. १९२३ साली त्या हे सारे सोडून भावनगरला गेल्या आणि लहान मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. त्यांच्या अभ्यासकत्वाची खरी सुरुवात येथे होते, असे आम्हांस वाटते.

भावनगरला काय होते? नानाभाई भट्ट यांनी उभारलेली दक्षिणामूर्ती ही संस्था होती, आणि तिच्यात १९२० पासून गिजुभाई बधेका हे बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली बाजूस सारून ते लहान मुलांच्या शिक्षणाकडे वळले, आणि मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेने त्यांना ‘मिशीवाली आई’ असे नाव दिले. त्यांना प्रेरणा होती डॉ. मारिया माँटेसरी यांची. या इटालियन वैद्यबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. आज आपल्या शहरांत माँटेसरी हे नाव बहुधा महाग शुल्काच्या पाटीवर दिसते. म्हणून ते नाव कामकऱ्यांच्या मुलांत जन्मले, ही गोष्ट मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. आईबाप कामाला गेल्यावर इमारतीच्या जिन्यांतून हुंदडणारी आणि भिंती खराब करणारी ती मुले होती. त्यांना सांभाळावयाचे म्हणून जागा मिळाली, आणि त्या जागेत शिक्षणशास्त्राचा एक नवा अध्याय लिहिला गेला.

माँटेसरींच्या पद्धतीचा गाभा साधनांत नव्हे, तर शिक्षकाच्या बसण्याच्या जागेत आहे. जुन्या शाळेत शिक्षक मध्यभागी असे आणि मुले त्याच्याकडे पाहत. नव्या पद्धतीत मूल मध्यभागी असते आणि शिक्षक बाजूला बसून त्याला पाहतो. तीन वर्षांचे मूल एकच दट्ट्या एकाच भोकात दहा वेळा बसवते आणि काढते. मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पाहणाऱ्याला मात्र कळते की, अकराव्या वेळी मूल स्वतःहून थांबते, समाधानाने आजूबाजूला बघते आणि दुसऱ्या कामाला लागते. त्या दहा वेळांत त्याच्या हाताने आणि डोळ्याने काही एक हिशेब पुरा केलेला असतो. मध्येच कोणी ‘आता पुरे’ म्हटले असते, तर तो हिशेब अर्धवट राहिला असता. ‘मूल शिकत नाही’ अशी आपली तक्रार असते तेव्हा पुष्कळदा मूल शिकतच असते. आपण त्याला मध्ये थांबवलेले असते.

ताराबाई भावनगरला सुमारे नऊ वर्षे होत्या. शिक्षकांच्या शिक्षिका म्हणून नाव झालेल्या या बाईंना तेथे शिकवणे थांबवून पाहणे शिकावे लागले. याच सुमारास जगात अन्यत्र काय चालले होते? १९२३ सालीच स्वित्झर्लंडमध्ये झाँ पियाजे यांचे मुलांच्या भाषेवरील व विचारावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे सुझन आयझॅक्स या बाईंनी माल्टिंग हाउस या लहानशा शाळेत मुलांच्या वागण्याच्या बारीक नोंदी ठेवण्यास आरंभ केला. म्हणजे जिनिव्हा, केंब्रिज आणि भावनगर या तीन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी, प्रौढ माणसे मुलांच्या शेजारी बसून एकच प्रश्न विचारीत होती. पियाजे आणि आयझॅक्स यांची नावे जगभरच्या विद्यापीठांत गेली. ताराबाईंचे नाव तेथे गेले नाही. याचे एक कारण उघड आहे. त्यांनी जे लिहिले ते गुजरातीत आणि मराठीत लिहिले, छोट्या पुस्तिकांतून आणि ‘शिक्षण पत्रिके’सारख्या मासिकांतून लिहिले, आणि ते विद्वानांसाठी नव्हे तर आईबापांसाठी व शिक्षिकांसाठी लिहिले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. हट्ट हा मारून घालवावयाचा दुर्गुण आहे असे सारे घर समजत असताना, त्यावर पुस्तक लिहावे, त्यामागचे कारण शोधावे, असे वाटणे हीच त्या काळी एक क्रांती होती.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. त्याबरोबर बालशिक्षिका तयार करण्याचे कामही चालू झाले. दादरच्या मध्यमवर्गाने हे काम उचलून धरले. येथवरची कथा ही एका यशस्वी संस्थाचालक बाईंची कथा आहे, आणि ती येथेच संपली असती तरी मराठी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले गेले असते. परंतु अभ्यासक आणि संस्थाचालक यांत फरक असतो. संस्थाचालकाला आपली संस्था चालली की समाधान होते. अभ्यासकाला आपला सिद्धान्त सर्व ठिकाणी खरा ठरतो की काही ठिकाणीच, ही रुखरुख लागून राहते. शिशुविहारातील मूल स्नान करून, दूध पिऊन, आईचे बोट धरून येत असे. ते शिकते, ते पद्धतीमुळे की दुधामुळे? ज्याला दूध नाही आणि जिची आई पहाटेच रानात गेली आहे, अशा मुलाच्या बाबतीत ही पद्धत खरी ठरेल काय?

या प्रश्नाला वळण मिळाले ते १९४५ च्या सुमारास. गांधीजींनी तुरुंगातून सुटल्यावर नई तालीमचा विचार विस्तारला होता. शिक्षण सातव्या वर्षी सुरू होत नाही, ते जन्मापासून आहे आणि ते खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्याचा आशय होता. वयाची ५३ वर्षे उलटलेल्या ताराबाईंनी दादरचे स्थिर काम सोडून ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी जाण्याचे ठरवले. डिसेंबर १९४५ मध्ये तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

या प्रसंगी आपल्या उपनगराचा एक संबंध येतो, तो येथील श्रोत्यांना सांगितला पाहिजे. त्याच वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. त्यात अनुताई वाघ नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलेली ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि नोकरी करीत असता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाली. बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली. अनुताई बोर्डीला गेल्या त्या कायमच्या. पुढे वयाच्या पन्नाशीनंतर, १९६१ साली, त्या पदवीधर झाल्या. माणूस कोणत्या वयापर्यंत शिकू शकते, या प्रश्नाचे उत्तर ताराबाईंना आपल्या सहकारी बाईंतच मिळाले असेल.

बोर्डीला काय घडले, हा या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बालवाडी उघडली, साधने मांडली, पण ज्यांच्यासाठी हे सारे होते ती शेतमजुरांची आणि आदिवासींची मुले येईनात. अशा वेळी सामान्यतः जे निदान केले जाते ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: ‘या लोकांना शिक्षणाची गोडी नाही.’ ताराबाईंनी हे निदान स्वीकारले नाही. भावनगरला मूल चुकले तर त्या मुलाला दोष न देता साधनाकडे पाहावे, हे त्या शिकल्या होत्या. तोच न्याय त्यांनी शाळेला लावला. मुले येत नाहीत तर दोष शाळेत शोधावयाचा. मग दिसू लागले की, मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असते, तिने यावे कसे? मुलगा गुरे राखतो, त्याने गुरे सोडावी कशी? अंगावर धड वस्त्र नाही आणि बालवाडी दुसऱ्यांच्या आळीत, तेथे पाय टाकावयाचे धैर्य यावे कोठून?

तेव्हा शाळाच उठून मुलाकडे गेली. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. झोपडीपुढच्या अंगणात मुलांना गोळा करावयाचे, त्यांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची आणि मग गाणे, गोष्ट, खेळ व मोजणे. आई दारातून पाहते आहे, कोंबड्या फिरताहेत, धाकटे भावंड शेजारीच लोळते आहे, आणि शाळा चालू आहे. या प्रयोगाचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. आणि भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एका जागी आणली, ती विकासवाडी. तान्हे मूल पाळणाघरात, त्याच्या वरचे बालवाडीत आणि बहीण शाळेत. मुलीच्या शाळेच्या आड येणारा धाकटा भाऊच तिच्याबरोबर शाळेत आणला, म्हणजे अडचण उरत नाही. तोड इतकी साधी आहे की सुचल्यावर ती कोणालाही सुचली असती असे वाटते. तथापि ती सुचावयास ‘मुलगी येत का नाही’ हे तिच्या घरी जाऊन पाहणारा माणूस लागतो.

साधनांचेही तसेच झाले. विलायती धर्तीची गुळगुळीत लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. पण लहानमोठे ओळखावयास शिंपले चालतात, मोजावयास चिंचोके व बिया चालतात, रंग ओळखावयास पाने-फुले चालतात आणि आकार घडवावयास माती चालते. यात काटकसरीपेक्षा मोठी गोष्ट आहे. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून निघून अनोळखी कल्पनेपर्यंत जाणे, हे शिकण्याचे मूळ सूत्र आहे. शिंपला त्याच्या घरचा असतो, आकडा तेवढा नवा असतो. भाषेच्या बाबतीतही हाच पेच होता. वारली मूल घरी जी बोली बोलते ती पुस्तकी मराठीहून निराळी. त्याला पुस्तकातील शब्द कळला नाही म्हणजे त्याला बुद्धी नाही असे नव्हे. त्याची भाषा शिक्षकाला येत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

१९५७ साली हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. येथे एक आक्षेप विचारात घेणे न्यायाचे होईल. १९४५ हेच वर्ष या भागातील वारल्यांच्या उठावाचे. वेठबिगार आणि लग्नगडी यांसारख्या गुलामीच्या चालींविरुद्ध गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी लढत होते. त्या लढ्याच्या बाजूने कोणी विचारील: ज्याची जमीन सावकाराने घेतली आणि ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या मुलाची नखे काढून आणि त्याला गाणी शिकवून काय होणार? आक्षेप पोकळ नाही. केवळ बालवाडीने जमीन परत मिळत नाही. आणि मध्यमवर्गाच्या स्वच्छतेच्या कल्पना आदिवासींवर लादल्या गेल्या काय, हेही विचारले पाहिजे. परंतु याला दुसरी बाजू आहे. वेठ बंद झाली तरी जो हिशेब वाचू शकत नाही त्याला नव्या कागदावर नव्याने बांधता येते. आणि पाच वर्षांचे मूल न्याय मिळेपर्यंत पाच वर्षांचेच राहत नाही. त्याचे शिकण्याचे दिवस आजचे आहेत. ही दोन्ही कामे एकमेकांची उणीव भरून काढणारी होती, असे आमचे मत आहे. एकाने वारल्याला ताठ उभे राहावयास शिकवले आणि दुसऱ्याने त्याच्या मुलाला.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी ते काम पुढे जवळजवळ वीस वर्षे चालवले. त्यांना १९८४ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात अशी सुमारे चौदा लक्ष केंद्रे आहेत. डहाणूच्या पाड्यावर रुजलेला शब्द साऱ्या भारताच्या तोंडी बसला, हे भाग्य फार थोड्या मराठी शब्दांना लाभले असेल.

पण शब्द पसरला तसा त्याचा अर्थ तेवढाच पसरला काय? योजनेने पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे हाती घेतली. ती आवश्यक होती, त्यांनी जीव वाचवले. मात्र नोंदवह्यांच्या भाराखाली खेळ आणि गोष्ट मागे पडत गेली. सेविकेला शिक्षिका न मानता मानधनावर काम करणारी मानसेवी कार्यकर्ती मानले गेले. कायद्याकडे पाहिले तर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि २००९ चा कायदा त्याच वयोगटासाठी झाला. सहा वर्षांखालील मुलांबाबत राज्याने प्रयत्न करावा, एवढेच घटनेत म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, हे ताराबाईंच्या म्हणण्याला उशिरा मिळालेले उत्तर होय. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आता हा विषय साकीनाक्याच्या श्रोत्यांपुढे का आणला, ते सांगून हे विवेचन पुरे करू. अंधेरीच्या स्थानकावरून आज डहाणूकडे लोकल जाते. परंतु ताराबाईंचे प्रश्न पाहावयास तेवढे लांब जाण्याचे कारण नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आणि खैरानी रस्त्याच्या दोहो बाजूंस कारखान्यांचे गाळे आहेत आणि त्यांच्या मागे दाट वस्त्या आहेत. आईबाप दोघेही कामावर, दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते आहे, घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी. हे चित्र बोर्डीच्या पाड्यापेक्षा किती वेगळे आहे? आणि जेथे आईबापांची थोडी ऐपत आहे, तेथे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून परक्या भाषेची अक्षरे गिरवून घेण्याची घाई चालली आहे. एकाला शाळा मिळत नाही आणि दुसऱ्याला शाळेतून सुटका मिळत नाही. शिकण्याचे नुकसान दोघांचेही होते.

ताराबाईंपासून घ्यावयाचे ते एवढेच की, मूल शिकत नाही असे दिसले तर प्रथम मुलाला तपासू नये. आपण त्याच्यासाठी जे मांडून ठेवले आहे ते तपासावे. ते लांब असेल तर जवळ न्यावे, महाग असेल तर स्वस्त करावे, परके असेल तर घरचे करावे, आणि मग थोडा वेळ गप्प बसून पाहावे. पन्नास वर्षे एका बाईंनी हे केले, तेव्हा एक शब्द देशाला मिळाला. आपल्या वस्तीतील अंगणवाडी कोठे भरते, तिला जागा किती, पाणी आहे की नाही, आणि तेथील सेविकेला गोष्ट सांगावयास दिवसातून किती वेळ उरतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा जाऊन पाहिले, तर त्या शब्दाचा हरवलेला अर्थ परत आणण्यास सुरुवात होईल.